पाटाखालची रोवणी

भोजराज कटरेंनी मशीनभोवती तीन फेऱ्या मारल्या, रोपं लावणारे काटे एकेक करून बोटाने हलवून पाहिले, सीटवर बसून पाहिलं आणि खाली उतरून म्हणाले, "एक पंधरा. त्याच्यावर माझ्याच्यानं होत नाही, हेमराजभाऊ."

मी ते दोन लाख पस्तीस हजारांना घेतलं होतं. धानाची रोपं एका वेळी आठ ओळींत लावणारं यंत्र. आमच्या खैरटोल्यात त्याला सगळे नुसतं मशीन म्हणत, कारण दुसरं तसलं कुणाकडे नव्हतं. साकोलीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सहा वर्षं मेकॅनिक म्हणून काम केलं, त्यातून साठलेला सगळा पैसा मी त्यात घातला होता आणि नोकरी सोडली होती. या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. जुलैचा पहिला आठवडा होता, वार गुरुवार.

"हंगाम तर आत्ता सुरू होतोय," मी म्हणालो.

"म्हणूनच एक पंधरा. दिवाळीनंतर ऐंशीला मागीन." कटरे आमगावकडचे, जुनी शेतीयंत्रं घेऊन विकणारे. माणूस खोटा नव्हता. "राग नका मानू. दोन वर्षांत अशी चार मशीनं मी घेतली. ट्रॅक्टर बारा महिने चालतो. हे चालतं वीस दिवस. त्या वीस दिवसांत साठ एकर रोवले नाहीत, तर बाकी अकरा महिने ते तुमच्या अंगणात गंजत बसतं. मागल्या वर्षी तुमचे किती झाले?"

"बावीस."

त्यांनी पाच हजार काढून बयाणा म्हणून माझ्या हातावर ठेवले आणि सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाले.

रंजना, माझी बायको, दारातून ऐकत होती. तिने सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. शोरूमवाल्यांनी माझी जागा अजून भरलेली नव्हती. मीही स्वतःला सांगितलं की झालं ते बरं झालं. नोटा खिशात घालून वळलो तर फाटकाशी पुस्तकलाबाई उभी.

पुस्तकलाबाई शेंडे म्हणजे आमच्या गावातल्या रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, बायकांच्या टोळीची मुकादम. वय पन्नाशीचं, अंगाने बारीक, आवाज मात्र चार बांध्यांपलीकडे, म्हणजे धानाच्या चार शेतांपलीकडे, जाईल असा. गावात कुणाच्या बांधीत कोणत्या दिवशी किती बायका जायच्या ते ती ठरवायची. मशीन आणल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा बांधीत उतरलो तेव्हा तिच्या अठरा बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बघत होत्या, आणि मशीन चिखलात फसलं तेव्हा हसल्याही होत्या.

"इकली काय गा मशीन?" तिने विचारलं.

"सोमवारी नेतात."

"अन् ह्या चटयाचं काय?"

घरामागे उंचवट्यावर माझी रोपं होती. प्लास्टिकच्या कागदावर बोटभर मातीत धान दाट पेरायचं. पंधरा दिवसांत मुळं एकमेकांत गुंततात आणि त्या मातीची चटईच होते. ती कापून मशीनवर ठेवायची. बायका बांधीतून उपटून आणतात ते परहे, म्हणजे उंच रोपं, मशीनला चालत नाहीत. दहा एकरांच्या चटया रंजनाने सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी देऊन वाढवल्या होत्या, रेवाराम लांजेवारांसाठी. दोन दिवसांपूर्वी रेवारामांचा निरोप आला की त्यांना बायका मिळाल्या, मशीन नको. त्याच दिवशी मी कटरेंना फोन केला होता.

"अजून पाच-सहा दिवस टिकतील," मी म्हणालो. "मग टाकू ढोरांपुढे."

"पाटाखालच्या लोकायचे परहे सडले, मालूम हाय काय तुले?"

मला माहीत नव्हतं. आठवड्यापूर्वी दोन दिवस सलग पाऊस झाला होता आणि तलावाच्या पाटाखालचा तो भाग सखल. ती म्हणाली, "सात जण हायेत. कोणाची एक एकर, कोणाची दोन. साऱ्यायच्या बांध्या एकमेकाले लागून. परहे इकत भेटून नाई रायले. फागोजी त म्हणते, यंदा पडीत ठेवतो."

"हे तुम्ही मला कशाला सांगता, मावशी?"

ती मशीनजवळ गेली आणि कटरेंसारखीच एक फेरी मारून आली. "दिवसाचे किती एकर करते हे?"

"कंपनी म्हणते चार. माझे होतात दीड."

"काहून?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. एकाची बांधी गावाच्या या टोकाला, दुसऱ्याची त्या टोकाला. मशीन ट्रॉलीवर चढवायचं, उतरवायचं, त्यात अर्धा दिवस जातो. पोचावं तर कुठे पाणी गुडघाभर, कुठे चिखलणीच झालेली नाही. एका ठिकाणी तर मालक लग्नाला गेलेला.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मशीन चालवाले शिकला तू," ती म्हणाली. "रोवणी नाई शिकला."

मला राग आला.

"बारा बाया माह्या," ती पुढे म्हणाली. "चटया उचलून देतीन, कोपरे हातानं रोवतीन, जिथं मशीन रोप सोडते तिथं नांगे भरतीन. मजुरी रोवणीची हाय तेच. कोणाची बांधी कधी, ते मी सांगीन. तुले आवडलं नाई तरी."

मी मनात हिशेब केला. बारा बायकांची मजुरी आणि डिझेल जाऊन एकरामागे फार उरणार नव्हतं. पण चटया वाया गेल्या तर तेवढंही नव्हतं. मी रंजनाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत मशीन आपलीच आहे ना."

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी पाटाखाली पोचलो, तर बारा बायका धुऱ्यावर उभ्या होत्या आणि चेहऱ्यावरून कुणी खुशीने आलेली दिसत नव्हती. त्यांच्यातली कौतिका सगळ्यात तरुण आणि सगळ्यात फटकळ. ती माझ्यासमोरच पुस्तकलाबाईला म्हणाली, "मावशे, जे आमच्या पोटावर पाय देते, त्यालेच खांदा द्याचा काय आता?"

पुस्तकलाबाई पदर खोचत होती. "ह्या बांध्या पडीत रायल्या त भादव्यात निंदणाले कोणाच्या बांधीत जाशील?" तिने विचारलं. "दिवाळीत कापाले काय भेटंल तुले, गवत? रोवणी आठ दिवसाची. त्याच्या मांगचं काम चार महिन्याचं. हे सात जण गेले त आपले चार महिने गेले."

कौतिकाला पटलं की नाही, ते सांगता येत नाही. पण चटईला पहिला हात तिनेच घातला.

रस्त्याला लागून त्या सातांपैकी खुशालची बांधी होती. त्याने पहाटेच ट्रॅक्टरने चिखलणी करून ठेवली होती आणि तो माझी वाट बघत होता. मी मशीन तिकडे वळवलं. पुस्तकलाबाई आडवी आली. वाकून तिने चिखलात बोटाने एक रेघ ओढली. रेघ लगेच मिटली.

"चिखल बसला नाई अजून. आज रोवशील त उद्या रोपं पाण्यावर तरंगतीन. फागोजीच्या बांधीत चाल."

"फागोजींची बांधी मधोमध आहे. तिथे जायला रस्ता कुठे आहे?"

"धुरा फोडू."

खुशाल कुरकुरला. माझ्या बांधीवरून जाऊन आधी त्याचं का, म्हणाला. मलाही ते पटत नव्हतं. मागच्या वर्षी मी कुणाचं मन मोडायला नको म्हणून जिथे बोलावतील तिथे, जसा असेल त्या चिखलात उतरत होतो. पण बायकांनी तोवर फावड्याने धुरा फोडून मशीनपुरती वाट केली होती. मशीन पलीकडे गेल्यावर त्यांनी माती पुन्हा थापून धुरा जसाच्या तसा केला. फागोजींच्या बांधीत चिखल आदल्या संध्याकाळचा, लोण्यासारखा बसलेला. पाणी दोन बोटं. बोटाची रेघ तिथे तशीच राहिली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगणातून निघाल्यावर आदल्या संध्याकाळी ती गप्प बसलेली नव्हती. सातही घरं फिरून आली होती. कुणी गुरुवारी चिखलणी करायची, कुणी शुक्रवारी, कुणी शनिवारी, आणि वरच्याने आपलं जास्तीचं पाणी खालच्याच्या बांधीत कधी सोडायचं, हे सगळं ठरवून आली होती. पाण्यावरून एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं होती ती.

पहिल्या दिवशी सव्वादोन एकर झाले. फागोजी काकाजी सत्तरीचे होते. ते दिवसभर छत्री घेऊन धुऱ्यावर उभे राहिले. संध्याकाळी आठ ओळी सरळ गेलेल्या बघून त्यांनी एकच विचारलं, "एवढी लहान रोपं, जगतीन काय?"

"काकाजी, चार दिवसांनी बघा," मी म्हणालो. पण माझ्याकडे नाही, ते पुस्तकलाबाईकडे बघत होते. तिने मान हलवली तेव्हा त्यांनी छत्री मिटली.

शनिवारी सव्वातीन एकर झाले. मशीन एकदाही रस्त्यावर आलं नाही, एका धुऱ्यावरून दुसऱ्या बांधीत जात राहिलं. मी वळण घेऊन धुऱ्याशी यायचो तेव्हा दोघी चटया हातावर धरून तयार असायच्या. थांबावं लागत नव्हतं. मागच्या वर्षी चटया मी एकटाच आणायचो, भरायचो आणि मग चालवायचो. दुपारी खुशालच्या बांधीत उतरलो तर चिखल पक्का बसलेला. तोही कुरकुर विसरून आमच्यासाठी घरून चहा घेऊन आला.

रविवारी साडेतीन. संध्याकाळी मशीन धुताना मला जाणवलं की मी गुणगुणत होतो. रंजनाने डबा उघडत विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "नऊ एकर झाले तीन दिवसांत." तिने भाकरी माझ्या हातावर ठेवली. दोघांनाही सोमवार आठवला होता.

सोमवारी एक एकर उरला होता. मी लवकर सुरुवात केली. नऊच्या सुमाराला पाटावर कटरेंची गाडी येऊन थांबली. ते चपला काढून, पँट वर करून धुऱ्याने चालत आले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मी मशीन धुऱ्याला आणून बंद केलं.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"हे धरून दहा. साडेतीन दिवसांत."

त्यांनी लांबवर पसरलेल्या हिरव्या ओळी पाहिल्या. मग म्हणाले, "दीड लाख देतो. चालू हालतीतलं मशीन आहे, माझ्याही गिऱ्हाइकाला पटेल."

पस्तीस हजार वाढले होते. खरं सांगतो, मी हो म्हणणारच होतो. हे तीन दिवस म्हणजे पावसाने घडवून आणलेला योग. पुढच्या वर्षी कुणाचे परहे सडतील याची काय हमी? वीस दिवसांचा धंदा, साठ एकर, बावीस एकर, हे आकडे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. मी म्हणालो, "एवढा अर्धा एकर संपवतो, मग चढवू गाडीवर."

चटया देणाऱ्या बायकांत पुस्तकलाबाई होती. तिने हातातली चटई कौतिकाकडे दिली आणि मला म्हणाली, "हेमराज, इकडे ये जरा."

आम्ही धुऱ्याने पंधरा-वीस पावलं चालत गेलो. तिने हात धुतले, पदराला पुसले. तिला बोलायला वेळ लागत होता, आणि हे मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"मांगच्या वर्षी तुले लोकायनं काम नाई देल्लं," ती म्हणाली. "काहून नाई देल्लं, मालूम हाय?"

"छोट्या बांध्या. सवय नाही लोकांना. महाग पडतं."

"नाई. मी सांगतलं होतं. घरोघरी जाऊन सांगतलं. मशीनचं धान पिवयं पडते, मूय धरत नाई, खाताले दुप्पट पैसा लागते. माह्यावर भरोसा हाय लोकायचा, म्हणून त्यायनं आयकलं." ती पुढे म्हणाली, "रेवारामलेही यंदा मीच बाया देल्या. एकरामांगं तीनशे कमी घेऊन. तुही मशीन बंद पडावी म्हणून."



"मंग पाऊस आला," ती म्हणाली. "पाटाखाली गेली त सारे परहे सडलेले. अन् तुह्या घरामागं दहा एकराच्या चटया माह्याचमुळं पडून. दोन रात्री झोप नाई आली. इकाची असंल त इक गा. मी काई म्हणत नाई. पण मालूम नसताना नोको इकू."

ती परत फिरली आणि चटया द्यायला जाऊन उभी राहिली, जणू काही झालंच नव्हतं.

मी मशीनवर बसलो आणि ते सुरू केलं. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. वर्षभर मी स्वतःला दोष देत होतो. रंजनासमोर मान वर करत नव्हतो. शोरूमच्या मालकाला फोन लावायचा आणि रिंग जायच्या आधी कापायचा, असं कितीदा केलं होतं. आणि ही बाई, मी जिच्या घरावरून रोज जात होतो, तिने दोन-तीन वाक्यांत माझा धंदा बुडवला होता. बांधीत मी चार फेऱ्या मारल्या. दर फेरीला धुऱ्याशी आलो की तिचे हात चटई घेऊन पुढे येत होते आणि मी तिच्या तोंडाकडे न बघता ती घेत होतो.

पाचव्या फेरीला मी मागे वळून पाहिलं. ओळी सरळ होत्या. मग माझ्या मनात दुसराच विचार आला. जिच्या एका शब्दावर सबंध गावाने मशीन नाकारलं, तिच्याच शब्दावर सात भांडखोर माणसांनी तीन दिवस एकमेकांना पाणी दिलं होतं. मी मशीनची किंमत काढत होतो, डिझेलची काढत होतो. या गोष्टीची किंमत माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हती.

अर्धा एकर संपला. मी खाली उतरलो, धुऱ्यावर ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशातून पाच हजार काढले आणि कटरेंना दिले.

"काय झालं?" ते म्हणाले. "कमी वाटतात काय दीड?"

"नाही. मागल्या वर्षीचे ते बावीस एकर खरे नव्हते, कटरेजी."

"अन् हे दहा खरे आहेत?"

"हे खरे आहेत."

त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. तशाच खिशात ठेवल्या. "भाडं मात्र वाया गेलं माझं," म्हणाले, पण हसून म्हणाले. जाताना पाटावर थांबून त्यांनी पुन्हा एकदा खाली पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या वर्षी अठ्ठावन्न एकर झाले, तिसऱ्या वर्षी त्र्याण्णव. चटया आता मी करत नाही, टोळीच्या बायका करतात आणि त्यातला नफा त्यांचा. पुस्तकलाबाईने पहिल्याच वर्षी एकरामागे आपला वाटा ठरवून घेतला, तोही माझ्या अंदाजापेक्षा जास्त. आज आमच्याकडे अशी तीन मशीनं आहेत. धंदा परवडतो का असं मला कृषी खात्याच्या शिबिरात विचारतात, तेव्हा मी सांगतो, की मशीन घ्यायच्या आधी गावातली रोवणीची मुकादम कोण ते विचारा. लोक हसतात. मी गंमत करतोय असं त्यांना वाटतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी दुपारी आम्ही भाकरी खाल्ल्या. मी पुस्तकलाबाईशी अजून बोललेलो नव्हतो. चार वाजता ती उठली आणि म्हणाली, "चाल."

"कुठे?"

"रेवारामकडे."

रेवाराम लांजेवार ओसरीवर बसून सुतळी वळत होते. गावातले मोठे शेतकरी, फार बोलणारे नव्हेत. आम्हाला दोघांना एकत्र बघून त्यांनी हातातलं काम थांबवलं. पुस्तकलाबाई बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "भाऊजी, मशीनचं धान पिवयं पडते, मूय धरत नाई, असं मी तुमाले सांगतलं होतं. ते खोटं होतं. आमचं काम जाईल म्हणून सांगतलं."

रेवारामांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुतळीचा पीळ सुटत होता तो त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरला. 

"बरं," ते म्हणाले. "मग आता खरं काय ते सांग."

तेव्हा ती खाली बसली. चिखल किती दिवस बसू द्यायचा, पाणी किती ठेवायचं, रोपं कितव्या दिवशी लावायची, सगळं सांगितलं. त्यांच्या तळ्याकडच्या चार बांध्यांत चिखल मांडीपर्यंत जातो, तिथे मशीन फसेल, तिथे बायकाच लागतील, हेही तिने सांगून टाकलं. तिला थांबवावं असं मला वाटलं होतं. मी थांबवलं नाही, कारण रेवारामांचा चेहरा त्या वाक्याला सैल झाला होता.

"तळ्याकडच्या सोडून सहा एकर धरा माझे पुढल्या साली," ते मला म्हणाले.

बाहेर पडल्यावर गल्लीच्या तोंडाशी मी तिला पहिल्यांदा आपणहून विचारलं, "मावशी, अशी अजून किती घरं आहेत?"

तिने बोटांवर मोजलं. "एकोणीस," ती म्हणाली, आणि फागोजींच्या थोरल्या भावाच्या घराकडे वळली.